मुंबई ते टोकियो: अंतर एक, वेळा दोन

जपानच्या विमानप्रवासाबद्दल नाशिक शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून बरेच प्रश्न आले. बहुतेकांना दोनच गोष्टी हव्या आहेत: अंतर किती आणि वेळ किती. पहिल्याचे उत्तर एका आकड्यात देता येते, दुसऱ्याचे येत नाही. का येत नाही, हे समजले की तिकीट निवडताना होणाऱ्या बऱ्याच चुका टळतात. म्हणून या वेळी निवडक प्रश्नांना सविस्तर उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मुलगी टोकियोला शिकायला जाणार आहे. मुंबई ते टोकियो विमानाचे अंतर एका ठिकाणी ६,७३० वाचले, दुसरीकडे ६,७९०, तिसरीकडे ६,९०० च्या वर, आणि एकाने तर ३,६६५ सांगितले. यातले खरे कोणते? (वाचक, सिडको)

उत्तर : चारही खरे आहेत, फक्त मोजलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. टोकियोला दोन मोठे विमानतळ आहेत. हानेदा शहराला चिकटून आहे, नारिता पूर्वेला सुमारे ६० किमी बाहेर. मुंबईहून हानेदा सुमारे ६,७३० किमी, तर नारिता सुमारे ६,७९० किमी. ३,६६५ हा आकडा नारिताचाच आहे, पण सागरी मैलांत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. आणि ६,९०० च्या वरचा आकडा प्रत्यक्ष उडण्याच्या मार्गाचा, कारण विमान सरळ रेषेत जात नाही. त्याचे कारण पुढे एका उत्तरात आले आहे.

तिकीट काढताना कोणत्या विमानतळाचे आहे ते नक्की पाहा. नारिताचा कोड एनआरटी, हानेदाचा एचएनडी. नारिताहून निप्पोरी स्थानकापर्यंत स्कायलायनर गाडीला ४० मिनिटांच्या आसपास लागतात, तिथून पुढे लोकल बदलायची. रात्री उशिरा नारिताला उतरणारे विमान मुलीसाठी टाळा. शेवटच्या गाड्या चुकल्या तर दोन मोठ्या बॅगा घेऊन विमानतळावरच पहाट उजाडेपर्यंत थांबावे लागते.

प्रश्न : भूगोलाच्या प्रकल्पासाठी हे अंतर स्वतः काढायचे आहे. कसे काढू? (अकरावीची विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

उत्तर : आधी हाताने कर, मग गणिताने. शाळेतल्या ३० सेमी व्यासाच्या पृथ्वीगोलाचा परीघ सुमारे ९४ सेमी येतो, आणि पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किमी आहे. म्हणजे गोलावरचा १ सेमी म्हणजे सुमारे ४२५ किमी. शिवणाचा दोरा घे. लोकर ताणते, ती नको. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरून दुसरे टोकियोवर ताण. दोरा सुमारे १६ सेमी भरेल. मोजताना एक मिलिमीटर चुकला तर ४२ किमींचा फरक पडतो, म्हणून तीनदा मोजून सरासरी घे.

आता गणित. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. नारिता ३५.७६ उत्तर, १४०.३९ पूर्व. रेखांशांतला फरक ६७.५२ अंश. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार कर: ०.३२७१ × ०.५८४४ = ०.१९१२. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशफरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार: ०.९४५० × ०.८११५ × ०.३८२३ = ०.२९३२. बेरीज ०.४८४४. ज्या कोनाचा कोसाइन एवढा आहे तो कोन सुमारे ६१.०३ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे १११.२ किमी, म्हणून अंतर सुमारे ६,७९० किमी.

चुका दोन ठिकाणी होतात. कॅल्क्युलेटर रेडियनवर राहतो, आणि उत्तर भलतेच येते. दुसरी चूक लवकर लक्षात येत नाही: १९ अंश ५ मिनिटे म्हणजे १९.०५ नव्हे, १९.०८. मिनिटांना ६० ने भागायचे असते. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे या रीतीने अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक राहू शकतो. तेवढी ओळ प्रकल्पात जरूर लिही.

प्रश्न : वेळापत्रकात मुंबईहून नारिताला जाताना आठ तासांच्या आसपास आणि येताना साडेनऊ तास दिसतात. अंतर तेच, मग दीड तास जातो कुठे? पृथ्वी फिरते म्हणून का? (वाचक, सातपूर)

उत्तर : पृथ्वी फिरते म्हणून नाही. पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते, आणि विमान त्या हवेतच उडते. फरक पडतो तो वाऱ्याने.

जमिनीपासून ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा अरुंद आणि वेगवान वारा असतो, त्याला झोतवारा किंवा जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात तो उत्तर भारतावरून, तिबेटच्या दक्षिण कडेने, दक्षिण चीनवरून जपानकडे जातो, आणि जपानवर त्याचा जोर जगात सर्वांत जास्त असणाऱ्या ठिकाणांत गणला जातो. तिथे ताशी २०० किमींच्या वर वारा ही हिवाळ्यातली नेहमीची गोष्ट आहे, कधी कधी तो ३०० च्याही पुढे जातो. या वाऱ्याची पद्धतशीर मोजणी पहिल्यांदा केली ती जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी, टोकियोच्या ईशान्येला तातेनो येथे फुगे सोडून. त्यांनी १९२६ साली अहवाल प्रसिद्ध केला तो एस्पेरांतो या, सर्व देशांसाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत. जगाने वाचावा म्हणून त्यांनी ती भाषा निवडली, पण जगातल्या फार थोड्यांनी तो वाचला. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना जपानवर हा वारा भेटला तेव्हा त्यांच्या वैमानिकांना तो नवा होता.

आता हिशेब. लांब पल्ल्याचे विमान स्थिर हवेत ताशी सुमारे ९०० किमी जाते. प्रत्यक्ष मार्ग ६,९२० किमी धरा. गेटवरून धावपट्टीपर्यंत जाणे, चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग, यांचे मिळून ३५ मिनिटे वेगळी धरा.

वारा नसेल तर ६,९२० भागिले ९०० म्हणजे ७ तास ४१ मिनिटे, अधिक ३५, म्हणजे सव्वाआठ तास. मार्गभर सरासरी १०० किमी वारा पाठीशी असेल तर जमिनीवरचा वेग १,००० होतो: ६ तास ५५ मिनिटे अधिक ३५, म्हणजे साडेसात तास. तोच वारा समोरून आला तर वेग ८०० होतो आणि सव्वानऊ तास लागतात. समोरून १५० असेल तर ९ तास ५० मिनिटांच्या घरात जाते. तुमचा दीड तास इथे सापडतो.

जाताना मिळालेला फायदा येताना तेवढाच परत जातो, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. वरचेच आकडे घ्या: १०० किमी वाऱ्यात जाणे-येणे मिळून हवेतला वेळ १५ तास ३४ मिनिटे होतो, वारा नसता तर १५ तास २२ मिनिटे. विमान समोरच्या वाऱ्यात जास्त वेळ असते, म्हणून तोटा नेहमी फायद्यापेक्षा थोडा मोठाच. परतीच्या वाटेवर वैमानिक झोताचा गाभा टाळून थोडे दक्षिणेकडून किंवा वेगळ्या उंचीवरून येतात. वाट लांबते, पण वेळ आणि इंधन दोन्ही वाचते.

पावसाळ्यात हा झोतवारा तिबेटच्या उत्तरेला सरकतो आणि जाण्या-येण्याच्या वेळांतला फरक कमी होतो. याच काळात दक्षिण भारताच्या वर, आणखी उंचावर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा दुसरा झोत तयार होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांचा त्यावरचा शोधनिबंध १९५८ चा आहे. त्यामुळे जुलैत सिंगापूरला जाताना वारा समोरून मिळू शकतो. विमान कंपन्यांची वेळापत्रके मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्यामुळे उन्हाळ्यात पाहिलेली वेळ डिसेंबरच्या प्रवासासाठी गृहीत धरू नका.

आणखी एक. झोताच्या कडेला ढग नसतानाही विमान अचानक हादरते आणि रडारवर ते आधी दिसत नाही. पट्ट्याचा दिवा विझला तरी बसल्या जागी पट्टा सैलसर का होईना, लावलेलाच ठेवा. जपानकडे जाताना तर नक्कीच.

प्रश्न : सीटसमोरच्या पडद्यावर वेग ताशी १,१०० किमी दिसला. विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला का? (वाचक, नाशिकरोड)

उत्तर : नाही. ११ किमी उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किमी. विमान हवेच्या तुलनेत ९०० नेच जात होते. ती हवाच २०० किमी वेगाने त्याच दिशेला चालली होती. पडद्यावर दिसतो तो जमिनीच्या तुलनेतला वेग. प्रवाहाच्या दिशेने जाणारी नाव काठावरून पाहणाऱ्याला जास्त वेगात दिसते, तसेच हे.

प्रश्न : विमान नकाशावर वाकडे का जाते? सरळ हिमालयावरून का नेत नाहीत? (वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : गोलावर दोरा ताणला तर मुंबई-टोकियो सरळ वाट सिन्नरच्या थोडी दक्षिणेकडून निघते, जबलपूर आणि पाटण्याच्या जवळून, भूतानवरून, तिबेटच्या आग्नेय कोपऱ्यावरून चीनमध्ये शिरते आणि दक्षिण कोरिया ओलांडून जपानला पोचते. सपाट कागदावर हीच वाट उत्तरेला फुगलेली कमान दिसते. कागदाचा दोष तो.

पण भूतानच्या पुढचा तुकडा अडचणीचा आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला लवकरात लवकर सुमारे १०,००० फुटांवर उतरावे लागते, कारण तिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. प्रवाशांच्या मास्कला प्राणवायू पुरतो तो साधारण १२ ते २० मिनिटे. तिबेटच्या पठारावर जमीनच १४-१५ हजार फुटांवर आहे आणि डोंगर त्याहून उंच. उतरायला जागा नाही. म्हणून भारतातून जपानला जाणारी विमाने सहसा बांगलादेश, म्यानमार आणि चीनमधल्या कुनमिंगच्या बाजूने जातात.

या वळशाची किंमत किती? मुंबई ते कुनमिंग सुमारे ३,१६०, तिथून नारिता सुमारे ३,७६०. बेरीज ६,९२०. म्हणजे १३० किमी जास्त, वेळेत नऊ मिनिटे. सुरक्षिततेसाठी नऊ मिनिटे काहीच नाहीत.

प्रश्न : तिकिटावर मुंबईहून रात्री ८ ला सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ७.३० ला पोचते असे आहे. म्हणजे साडेअकरा तास ना? (वाचक, सिन्नर)

उत्तर : आठ तास. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, वर्षभर. तिथे उन्हाळ्यात घड्याळे पुढे-मागे करत नाहीत. पूर्वेला जाताना फरक वजा करा, पश्चिमेला येताना मिळवा. येताना सकाळी ११ ते संध्याकाळी ५ लिहिले असेल तर ६ अधिक साडेतीन, म्हणजे साडेनऊ तास.

प्रश्न : थेट विमान महाग पडते. बँकॉक, हाँगकाँग, सिंगापूर, दुबई, कुठूनही स्वस्त तिकिटे दिसतात. कोणते घ्यावे? (वाचक, इंदिरानगर)

उत्तर : आधी अंतर पाहा. हाँगकाँगमार्गे मुंबई-नारिता सुमारे ७,२३० किमी, थेट अंतरापेक्षा ४४० जास्त, म्हणजे अर्धा तास. बँकॉकमार्गे सुमारे ७,६८०, जवळपास एक तास जास्त. सिंगापूरमार्गे सुमारे ९,२८०. नकाशावर वाटेत दिसते, पण ते विषुववृत्ताला टेकलेले आहे, म्हणून पावणेतीन तास नुसते हवेत वाढतात. दुबई तर उलट्या दिशेला: ९,९०० च्या आसपास. नाशिकहून नागपूरला जायला आधी मुंबई गाठावी तसे ते.

हे झाले हवेतले. मधल्या थांब्याचे तास वेगळे, आणि बहुतेक वेळा तेच जास्त असतात. आमचे मत असे: सर्व टप्पे एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर असतील तर अडीच ते चार तासांचा थांबा घ्या. दीड तासाच्या खालचा घेऊ नका. तुम्ही धावत पोचाल, बॅग पोचणार नाही. आणि स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटे जोडू नका. पहिले विमान उशिरा आले तर दुसरी कंपनी तुम्हाला ‘आलाच नाहीत’ असे धरते आणि पैसे जातात. शिवाय मधल्या देशात बाहेर येऊन सामान घेऊन पुन्हा द्यावे लागते, त्यासाठी व्हिसा लागू शकतो. मुंबईत चेक-इन करताना बॅगेच्या चिठ्ठीवर शेवटचा कोड एनआरटी किंवा एचएनडी आहे ना, हे काउंटर सोडण्याआधी वाचा.

प्रश्न : नाशिकच्या ओझर विमानतळाहून दिल्लीला आणि तिथून टोकियोला जावे की सरळ मुंबई गाठावी? (वाचक, पंचवटी)

उत्तर : अंतराच्या बाबतीत ओझर मुळीच मागे नाही. ओझर-दिल्ली सुमारे १,००० किमी आणि दिल्ली-नारिता सुमारे ५,९१०, बेरीज ६,९१०. मुंबईहून कुनमिंगच्या वळशाने जाणारे विमानही जवळपास तेवढेच उडते.

आता घरापासून घरापर्यंत मोजा. मुंबईमार्गे: कसारा घाट, भिवंडी, ठाणे धरून साडेचार तास, विमानतळावर तीन तास आधी, विमानात आठ, उतरल्यावर इमिग्रेशन आणि शहरात जाणे तीन. एकूण साडेअठरा. ओझरमार्गे: पंचवटीहून विमानतळ पाऊण तास, दोन तास आधी, दिल्लीपर्यंत दोन, दिल्लीत साडेतीन तास थांबा, पुढे सव्वासात, शेवटी तेच तीन. बेरीज पुन्हा साडेअठरा!

तेव्हा निर्णय वेळेवर नको, ऋतूवर आणि सामानावर करा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचे धुके विमानांना तासन् तास अडवते. त्या महिन्यांत मुंबई बरी. जुलै-ऑगस्टमध्ये कसारा घाटात दरड आली की रेल्वे आणि रस्ता दोन्ही खोळंबतात. तेव्हा ओझर विचारात घ्या, पण दिल्लीची जोड एकाच तिकिटावर मिळत असेल तरच. ओझरची उड्डाणे हंगामानुसार बदलतात, म्हणून ज्या तारखेला निघायचे त्याच तारखेचे विमान तपासा.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्याने घाटातला वेळ कमी झाला आहे. मात्र आमणेनंतर भिवंडी-ठाण्याची कोंडी आहेच, आणि ती संध्याकाळी ५ ते ९ मध्ये सर्वांत वाईट. रात्री ८ चे विमान असेल तर सकाळी साडेअकरालाच नाशिक सोडा. रेल्वेने जाणाऱ्यांनी दादरला उतरून मेट्रो ३ ने थेट विमानतळाचे टी-२ (टर्मिनल २) स्थानक गाठावे. मोठ्या दोन बॅगा असतील तर हा मार्ग एकट्याने जमत नाही. आणि तिकिटावरचा कोड वाचा: बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. ही गल्लत झाली तर विमान चुकलेच म्हणून समजा.

प्रश्न : सिंगापूरच्या खरेदीदाराला द्राक्षांचे नमुन्याचे बॉक्स विमानाने पाठवायचे आहेत. विमान किती तासांचे? माल टिकेल का? (शेतकरी, पिंपळगाव बसवंत)

उत्तर : मुंबई-सिंगापूर सुमारे ३,९२० किमी, विमान साडेपाच तासांच्या आसपास. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तेवढ्या वेळात द्राक्ष खराब होत नाही. खराब होते ते विमानाच्या आधी आणि नंतर.

काढणीनंतर चार ते सहा तासांत प्री-कूलिंग व्हायला हवे, आणि माल शून्य अंशाच्या आसपास हवा. पण थंड बॉक्स मुंबईच्या दमट हवेत उघड्यावर राहिला की मण्यांना घाम सुटतो. ग्रेप गार्डमधला (बुरशी रोखण्यासाठी बॉक्समध्ये ठेवतात तो कागद) सल्फर डायऑक्साइड ओलाव्याने सुटतो. पाणी जास्त झाले की तो एकदम सुटतो आणि देठाजवळ मणी पांढरे पडतात. खरेदीदार ते डाग पाहतो आणि माल जुना आहे असे समजतो. म्हणून रात्रीचे विमान निवडा, पॅलेटवर उष्णतारोधक आवरण घाला, माल कार्गोत देण्याच्या ठरलेल्या वेळेच्या फार आधी नेऊ नका, आणि एका बॉक्समध्ये तापमान नोंदवणारा लॉगर ठेवा. त्याची नोंद खरेदीदाराकडून परत मागवा. तापमान नेमके कुठे चढले ते तासासकट कळते.

भाडे वजनावर किंवा आकारावर, जे जास्त त्यावर लागते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागायचे. ५० × ३० × १३ च्या बॉक्सचे ३.२५ किलो येतात, म्हणजे पाच किलोच्या बॉक्सला खऱ्या वजनाचेच भाडे. पॅकिंगसाठी जेल पॅक आणि मोठे खोके वापरले तर हा हिशेब पुन्हा करा. फायटोसॅनिटरी (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याच्या) प्रमाणपत्रावरची बॉक्सची संख्या आणि एअरवे बिलावरची (विमान मालवाहतुकीच्या पावतीवरची) संख्या एकच आहे ना, हे गाडी निघण्याआधी जुळवून पाहा.